तळीराम आणि सोडा पोपिन्स्की
(प्रस्तावना)

या पुस्तकाचा लेखक माझा सख्खा भाचा आहे, तेव्हा ही प्रस्तावना तटस्थ असेल अशी अपेक्षा कुणी ठेवू नये. आणखी एक कबुली आधीच देऊन टाकतो. ज्या व्हिडिओ गेमवर त्याने हे पुस्तक लिहिलं, तो प्रकार मी आयुष्यात एकदाच खेळलो. दहा मिनिटं. माझा माणूस पहिल्याच खड्ड्यात पडून मेला आणि घरातली सगळी पोरं हसली. बाकी माझी हयात ब्रह्मपुरी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी करण्यात गेली, आणि दिवाळी ते होळी या दिवसांतल्या रात्री झाडीपट्टीच्या नाटकांत विंगेमागे बसून प्रॉम्प्टिंग करण्यात. मग जपानी खेळ अमेरिकेत नेताना त्यांच्यातलं काय काय बदललं गेलं, या विषयाच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहायला त्याला मामाच का सापडला?

कारण एक वही. तीन वर्षांपूर्वी भाचा दिवाळीला घरी आला होता. पुण्याच्या एका कंपनीत तो परदेशी खेळांचे भाषांतरित संवाद तपासायचं काम करतो. माळ्यावरची माझी पत्र्याची पेटी त्याने उघडली आणि वरचीच वही हाती घेतली. 'एकच प्याला'ची नक्कल होती ती, दोनशे पानी, पाठीला कापडाची पट्टी चिकटवलेली. मूळ मजकूर निळ्या शाईत, आमचे फेरफार लाल शाईत, गाण्यांच्या जागांना पेन्सिलची फुली. काही पानांवर चहाचे गोल डाग, एका पानावर मेणबत्तीचं मेण. वीज गेली तरी प्रॉम्प्टरला थांबून चालत नाही, त्याची ती खूण. भाचा ओसरीवर बसून तासभर पानं उलटत राहिला आणि मग म्हणाला, "मामा, आमच्या हाफिसात हेच करतात जी. फक्त लाल शाई नसते."

त्या दिवसापासून आमचं बोलणं सुरू झालं. तो मला खेळ सांगायचा, मी त्याला नाटकं.

झाडीपट्टीबाहेरच्या वाचकासाठी थोडं सांगायला हवं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हा धानाचा, तळ्यांचा आणि जंगलाचा मुलूख. (गडचिरोली वेगळा जिल्हा झाला तो १९८२ साली, त्याआधी तो चांद्यातच.) धान घरात आलं की गावोगाव मंडई, कुठे शंकरपट, आणि रात्री नाटक. दंडार आणि खडी गंमत हे आमचे जुने खेळ, त्यांच्याच अंगाखांद्यावर हे नाटक वाढलं. वैनगंगेपलीकडचं वडसा, म्हणजे देसाईगंज, ही त्याची राजधानी. तिथे नाटक मंडळांच्या कचेऱ्यांना आजही लोक 'प्रेस' म्हणतात, कारण हँडबिलं छापणाऱ्या छापखान्यांतच पूर्वी नाटकांचं बुकिंग व्हायचं. गावात नाटक असलं की लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरं भरतात, दोन-चार सोयरिकी जमून जातात. रात्री दहाला पडदा उघडतो आणि उजाडताना पडतो. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांना ही रंगभूमी नव्याने सापडली. आम्ही खुणेंना आधीपासून झाडीपट्टीचे दादा कोंडके म्हणत होतो.

आता त्या वहीकडे येतो. गडकऱ्यांचं 'एकच प्याला' रंगमंचावर आलं १९१९ साली, गडकरी गेल्यानंतर. त्यातला तळीराम आणि त्याचं आर्य मदिरा मंडळ कुणाला सांगायला नको. आमच्याकडे तळीराम मोहाची पितो. लाल शाईत तसं स्पष्ट लिहिलं आहे. आमच्या माणसाला बाटलीपेक्षा मोहफुलाचा वास लवकर कळतो. आणि गंमत बघा: गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी. चंद्रपूरलाही २०१५ ते २०२१ ती होती. म्हणजे ज्या जिल्ह्यात दारू विकणं गुन्हा, त्याच जिल्ह्यात तळीराम झोकांड्या खात आत आला की शामियाना दणाणून उठायचा. पोलीस पाटील पहिल्या रांगेत बसून हसायचे.

भाच्याने मला याची उलटी गोष्ट सांगितली. निन्टेन्डो या जपानी कंपनीचा मुष्टियुद्धाचा एक खेळ आहे, 'पंच-आउट'. त्याच्या गल्लीतल्या मोठ्या मशीनवरच्या आवृत्तीत एक रशियन पैलवान होता, व्होडका ड्रंकन्स्की. नावातच दारू आणि दारुडा दोन्ही. १९८७ साली तो घरच्या टीव्हीवर खेळायच्या खेळात आला तेव्हा त्याचं नाव झालं सोडा पोपिन्स्की. अंग तेच, टक्कल तेच, हातात बाटलीही तीच, आत म्हणे सोडा. ज्या देशात कोपऱ्याकोपऱ्यावर बार आहे तिथे चित्रातल्या पैलवानाला दारू चालेना! कंपनीच्या अमेरिकेतल्या कचेरीची नियमावली होती: दारू नको, रक्त नको, नागडेपणा नको, धर्माची चिन्हं नकोत. जपानी खेळातले गुत्ते त्यामुळे कॅफे झाले. 'मदर २' नावाचा खेळ १९९५ साली 'अर्थबाउंड' म्हणून तिकडे गेला तेव्हा दवाखान्यांवरचे लाल क्रॉससुद्धा पुसले गेले. 'फायनल फँटसी'च्या सहाव्या भागात 'होली' नावाचा एक मंत्र होता, इंग्रजीत त्याचा 'पर्ल' झाला. पवित्राचा मोती.

हे ऐकून मी आधी हसलो. नंतर वाटलं, भीती कुणाची होती ते पाहिल्याशिवाय हसू नये. तिकडे खेळ ही पोरांची वस्तू समजली जायची आणि पैसे आईबाप मोजायचे. १९९३ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या सिनेटमध्ये या खेळांतल्या हिंसेवर सुनावण्या झाल्या, १९९४ साली वयानुसार शिक्के मारणारं मंडळ आलं, आणि मग ही नियमावली हळूहळू सैल पडली. शिक्का नव्हता तोवर एकच माल सात वर्षांच्या आणि सतरा वर्षांच्या पोराला सारखाच विकायचा होता. आमच्या शामियान्यातही सगळी वयं एकत्रच असतात. पण दोनच्या ठोक्याला लहान पोरं आजीच्या मांडीवर झोपलेली असतात. तळीरामाला सेन्सॉरची गरज पडली नाही ती त्यामुळे.

लांबीचा प्रश्न तर त्याहून मजेदार. शहरातलं नाटक अडीच-तीन तासांचं. आमच्याकडे ते एक वाजता संपलं तर माणसांनी जायचं कुठे? वाटेवर जंगल, जंगलात वाघ. ब्रह्मपुरीच्या जंगलात तर आज वाघ पूर्वीपेक्षा जास्त झालेत. म्हणून नाटक पहाटेपर्यंत ताणायचं. गाणी वाढवायची, एक विनोदी जोडी आत घालायची, ऑर्गनवाल्याला खूण करून नांदी लांबवायची. शहरातले समीक्षक याला पाल्हाळ म्हणतात. त्यांनी एकदा रात्री एकला नाटक संपवून बैलगाडीशिवाय आठ किलोमीटर चालून दाखवावं, मग बोलू. खेळाच्या भाषांतरकाराची अडचण बरोबर उलटी. टेड वूल्सी या माणसाने १९९४ साली तो 'फायनल फँटसी' तीस दिवसांत इंग्रजीत आणला. जपानीत एका अक्षरात जे मावतं त्याला इंग्रजीत चार-पाच अक्षरं लागतात, आणि कार्ट्रिजमधली जागा मात्र मोजकी. त्याने लिहिलेलं पुन्हा पुन्हा कापलं. आज लोक त्याच्या एकेका वाक्यावर वाद घालतात. मला तो माणूस फार जवळचा वाटला. वडशाहून संध्याकाळी निरोप यायचा, 'नायक बदलला, नवा नट येतो, त्याला संवाद येत नाहीत', आणि मी गाडीत टॉर्च धरून त्याची भाषणं अर्धी करायचो.

वाचकाने या पुस्तकातलं वकिलाच्या खेळावरचं प्रकरण आधी वाचावं. 'ग्याकुतेन साइबान' हा खेळ जपानात २००१ साली आला, पश्चिमेकडे २००५ साली. नायक वकील, आडनाव नारुहोदो. जपानीत 'नारुहोदो' म्हणजे 'अस्सं होय!'. कोर्टात दर दोन मिनिटांनी कोणीतरी त्याला हाक मारतं आणि कोटी आपोआप होते. इंग्रजीत तो झाला फिनिक्स राइट. कोटी वेगळी, पण कोटी राहिली. हे उत्तम. पण कथानक जपानातून उचलून त्यांनी लॉस एंजलिसला नेलं, आणि त्याच्या मदतनीस पोरीचं रामेन जाऊन तिथे बर्गर आला. पुढच्या भागांत कथेत जपानी देवळं आली, भुताखेतांच्या दंतकथा जपणारं गाव आलं. लॉस एंजलिसजवळ! अमेरिकन पोरांनाही हे कळलं आणि त्यांनी त्यावर भरपूर विनोद केले.

हे वाचताना मला नाटककार देवल आठवले. मोलिएरचं १६६० चं फ्रेंच प्रहसन, त्यावरून आर्थर मर्फीने १७६१ साली रचलेलं इंग्रजी नाटक, त्यावरून देवलांचं १८९३ चं 'फाल्गुनराव', आणि तेच १९१६ साली 'संगीत संशयकल्लोळ'. चार घरं फिरलेली ही सून. पण फाल्गुनरावाच्या घरात पॅरिसची एक वाटीही उरली नाही. नावं, नाती, रुसवे, गाणी, सगळं इथलं. देवलांनी घर पूर्ण मोडून पुन्हा बांधलं म्हणून ते उभं आहे. बर्गरवाल्यांनी भिंती तिथल्याच ठेवून फक्त ताट बदललं. प्रॉम्प्टर म्हणून सांगतो, अर्धा बदल हा सगळ्यात वाईट. नायकाच्या गावाचं नाव 'पुणे' खोडून 'सिंदेवाही' केलंत तर पुढच्या अंकातल्या पर्वतीचं काय करणार? आमच्या एका प्रयोगात नट सिंदेवाहीहून निघून पायी पर्वतीला पोचला होता. खालून कुणीतरी ओरडलं, "चप्पल कोन्या कंपनीची होय जी?"

आणि कधी बदल मुळीच लागत नाही. माझी नात टीव्हीवर डोरेमॉन बघते. हिंदीत नोबिता नोबिताच आहे, शिझुका शिझुकाच. २०१४ साली अमेरिकेत तेच कार्टून गेलं तेव्हा नोबिताचा नोबी झाला, शिझुकाची सू, येनचे डॉलर, काड्यांच्या जागी काटे. वडशाच्या पोरांना जपानी नाव पचतं आणि अमेरिकेतल्या पोरांना पचणार नाही, असं ठरवलं कुणी? पोरांना कुणी विचारलं नव्हतं. अर्थात आमच्याकडेही नात 'डोरा केक' म्हणते. दोरायाकी हा शब्द तिने ऐकलेलाच नाही.

बोलीचं प्रकरण मी दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना मला लाज वाटली. जपानी कथांमध्ये ओसाकाकडची बोली बोलणारं पात्र बहुधा गमत्या किंवा व्यापारी असतं. इंग्रजीत आणताना त्याला अमेरिकेच्या दक्षिणेकडची हेल काढून बोलणारी भाषा देतात, नाहीतर न्यूयॉर्कच्या गल्लीतली. भाच्याचं म्हणणं, बोली बदलली तरी तिची जागा तीच राहते: हसण्याची. मी उठून वही काढली. झाडीबोलीत ण नाही, ळ नाही. आम्ही 'पानी' म्हणतो, 'डोरा' म्हणतो. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीसाठी आयुष्य घातलं. आणि माझ्या वहीत, माझ्याच हाताने, झाडीबोली फक्त तळीरामाला आणि त्याच्या टोळीला दिलेली. सुधाकर, रामलाल, गीता, सगळे स्वच्छ पुणेरी. नटाचं घर नागभीडला, बघणारा गोंडपिपरीचा, लिहिणारा ब्रह्मपुरीचा, आणि दुःख मात्र पुण्याच्या भाषेत.

नायिकेला, सिंधूला, आमच्या बोलीतली एकच ओळ आहे. ती मी दिलेली नाही. गडचिरोलीकडच्या एका गावात प्रयोग होता, थंडी हाड गोठवणारी. सिंधू करणारी बाई नवी होती, चार रात्रींची जागलेली. शेवटच्या अंकात तिचं वाक्य तुटलं. मी विंगेतून दोनदा पुढचे शब्द दिले, तिला ऐकू गेले नाहीत, आणि तिच्या तोंडून निघालं, "माहा लेकरू उपासी हाये जी." मी डोळे मिटले. म्हटलं, आता हशा. शामियान्यात कोणी हसलं नाही. शेकोटीत ओलं लाकूड तडतडलं तेवढंच. मग बायकांच्या बाजूने हुंदके ऐकू येऊ लागले. दुसऱ्या दिवशी वडशाच्या बसस्टँडवर बसून मी ती ओळ लाल शाईने वहीत घातली. पुढच्या संचातल्या सिंधूने ती म्हणायला नकार दिला. म्हणाली, "मास्तर, हिरॉईन अशी बोलते का?"

कापाकापीबद्दल भाच्याचं मन कडू आहे, ते मी समजू शकतो. 'फायर एम्ब्लेम फेट्स' हा खेळ २०१६ साली अमेरिकेत गेला तेव्हा त्यातला सोबत्यांचे गाल कुरवाळायचा भाग गाळला, आणि त्यावरून जगभर जी भांडणं झाली ती त्याने तिखटमीठ न लावता सांगितली आहेत. एका बाजूचे म्हणतात आम्हाला कुक्कुलं बाळ समजता का, दुसऱ्या बाजूचे म्हणतात असला चावटपणा हवाच कशाला. मला त्या वादापेक्षा 'फॉलआउट ३' चं उदाहरण मोलाचं वाटलं. हा खेळ अमेरिकन, २००८ सालचा, आणि तो जपानात गेला. त्यात एका गावाच्या मधोमध न फुटलेला अणुबाँब पडलेला आहे. मूळ खेळात तो फोडून गाव नष्ट करायची मुभा आहे. जपानी आवृत्तीत ती मुभा काढली. 'फॅट मॅन' नावाचं एक हत्यार होतं, त्याचंही नाव बदललं. नागासाकीवर पडलेल्या बाँबचं ते नाव. तिथे हे सांगायला नियमावली लागली नसणार.

मी असं एकदा केलं आहे. शेतकरी आत्महत्येवर नाटक करणं आमच्या रंगभूमीला नवं नाही. नवरगावच्या सदानंद बोरकरांचं 'आत्महत्या' बघायला माणसं गाड्या करून यायची. आमचं नाटक वेगळं होतं, तरी त्यात तिसऱ्या अंकात नायक फास लावून घेतो असा प्रवेश होता. गावाचं नाव सांगत नाही. रंगपटात तोंडं रंगवणं चालू होतं, तेव्हा एक म्हातारा कनातीखालून आत आला. डोक्याला फडकं, हातात कंदील. सगळ्यांना सोडून नेमका माझ्याकडे आला, कारण वही माझ्या हातात होती. म्हणाला, "मास्तर, फासीचा परवेस नोका करू जी." मी विचारलं, काऊन? त्याने कंदील जरा वर धरून बाहेर बायकांच्या बाजूला दाखवलं. दुसऱ्या रांगेत एक तरुण बाई बसली होती, मांडीवर पोर. एवढंच. मी मालकाला विचारलं नाही, नाटककाराला विचारायचा प्रश्नच नव्हता. नायक त्या रात्री घर सोडून निघून गेला आणि शेवटी परत आला. त्यासाठी दोन पानं मी तिथेच लिहिली, वाईट लिहिली, नटांनी कशीबशी म्हटली. पुढच्या गावी फास पुन्हा होता.

भाच्याशी माझा मतभेद आहे तो इथे. त्याच्या पुस्तकात 'मूळ' हा शब्द फार वेळा येतो, आणि प्रत्येक वेळी टोपी काढल्यासारखा येतो. विंगेत बसणाऱ्याला मूळ एवढं मोठं दिसत नाही. आमच्या वहीतलं मूळ म्हणजे कुणीतरी कुणाच्या तरी वहीतून उतरवून घेतलेलं. मला दिसतो तो खाली बसलेला माणूस. तो दोन हातांवर असतो. विनोद आवडला नाही तर त्याच क्षणी सांगतो, आणि उद्या पुढच्या गावात त्याचा मामेभाऊ असतोच. निन्टेन्डोची ती नियमावली लिहिणाऱ्याला समोर कोण बसलं आहे ते दिसत नव्हतं. त्याने एक अमेरिकन पोर मनात घडवलं, भित्रं, काट्यानेच खाणारं, आणि त्याच्यासाठी खोडत गेला. आता आमच्याकडेही काही मंडळं तेच करू लागली आहेत. मध्येच रेकॉर्डवरचा नाच, दुहेरी अर्थाचे विनोद, आणि विचारलं तर उत्तर: 'पब्लिकला हेच पाहिजे.' कोणतं पब्लिक? मी सव्वीस हंगाम त्या पब्लिकसमोर बसलो. त्या उपाशी लेकराच्या ओळीला रडलेलं पब्लिक हेच.

एक उणीव नोंदवून ठेवतो. भामरागड-एटापल्लीकडे माडिया पोरं राहतात, मराठी त्यांना शाळेत पहिल्यांदा भेटते. आमचा शामियाना मराठी संपते तिथे थांबतो, आणि भाच्याचं पुस्तकही तिथेच थांबलं आहे. त्या पोरांच्या हातात आता मोबाईल आहे आणि त्यावर खेळ आहेत, इंग्रजीतले, फार तर हिंदीतले. ती ते कसे समजून घेतात यावर एक प्रकरण हवं होतं. भाचा दुसऱ्या आवृत्तीत लिहीन म्हणतो. त्यासाठी त्याला पुण्याहून पावसाळ्याआधी यावं लागेल, नंतर पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ता बंद.

पुस्तकाची मुद्रितं मी वाचली. सवयीने लाल पेन घेऊन. एका प्रकरणात खेळातल्या गावाचं वर्णन करताना भाच्याने चौकातल्या दुकानाला 'पानठेला' लिहिलं होतं. मुद्रितं तपासणाऱ्याने ते खोडून 'पानटपरी' केलं आणि समासात लिहिलं, 'सर्व वाचकांना कळेल असे.' मी टपरी खोडून पुन्हा ठेला केला. ते पान प्रकाशकाकडे जाऊन दोन महिने झाले. छापून काय आलं ते पुस्तक हाती पडल्यावर मलाही कळेल.